नळीचा नाद

वायोमिंग किंवा मोंटानाच्या डोंगरात लांब पल्ल्यावरून शिकार करावी असं ज्या अमेरिकन गृहस्थाच्या मनात येतं, त्याचा पहिला हंगाम डोंगरात जातच नाही. तो नळी निवडण्यात जातो. रायफलची नळी किती इंच लांब असावी, किती जाड असावी, सबंध पोलादाची घ्यावी की बारीक पोलादावर कार्बनचे धागे गुंडाळलेली, बाहेरून खाचा पाडलेली की गुळगुळीत, आतला पीळ आठ इंचांत एक फेरा घेणारा की दहा इंचांत, आणि टोकाला धक्का कमी करणारं भोकाभोकांचं तोंड बसवावं की आवाज दाबणारा सायलेन्सर? यातल्या प्रत्येक प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि दोघांकडेही आलेख आहेत. खाचांचंच घ्या. एक पक्ष म्हणतो, खाचा पाडल्याने नळीचा ताठपणा कमी होतो. दुसरा म्हणतो, वाढतो. तेवढ्याच जाडीच्या गुळगुळीत नळीशी तुलना केली तर पहिला बरोबर, तेवढ्याच वजनाच्या नळीशी केली तर दुसरा. दोघंही खरं बोलत असल्यामुळे हा वाद मिटण्याची काडीचीही शक्यता नाही. दरम्यान ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा तीनशे किलोंच्या घरातला चुलतभाऊ, समोरच्या उतारावर निवांत चरत असतो. त्याला नळीतलं काही कळत नाही आणि त्यावाचून त्याचं फारसं अडतही नाही. कारण लांबून झाडलेली गोळी ज्या ज्या कारणांनी चुकते, त्यांत नळीचा वाटा सर्वांत लहान असतो. बाकीच्या कारणांवरचा इलाज दुकानात मिळत नाही आणि नळी मिळते, म्हणून सगळी अक्कल आणि सगळे डॉलर तिच्यावर खर्ची पडतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी हिशेब मांडू. नेमाचं मोजमाप कोनाच्या मिनिटांत होतं. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट, आणि शंभर यार्डांवर या एका मिनिटाची रुंदी इंचाहून किंचित जास्त भरते. तेव्हा एक मिनिटाची रायफल पाचशे यार्डांवर, म्हणजे सुमारे ४५७ मीटरवर, आपल्या गोळ्या सव्वापाच इंचांच्या वर्तुळात टाकते. पाच-सहाशे डॉलरला मिळणारी सॅव्हेज किंवा रूगर आजकाल एवढं काम बहुधा करते. फिनलंडची टिक्का तर तशी हमी देऊनच विकली जाते. याच्या सात-आठपट पैसे मोजून घेतलेली खास बनावटीची रायफल अर्ध्या मिनिटाची निघाली, तर तिचं वर्तुळ अडीच इंचांच्या थोडं पुढे. मध्यापासून मोजलं तर स्वस्त रायफलची गोळी फार तर अडीच इंच इकडेतिकडे, महागाची सव्वा इंच. म्हणजे हजारो डॉलर खर्चून पाचशे यार्डांवर सव्वा इंच वाचला. हरणाच्या छातीत काळीज आणि फुफ्फुसांची जागा आठ ते दहा इंच रुंद असते, एल्कची त्याहून मोठी. आता वाऱ्याकडे बघा. सध्या सर्वांच्या तोंडी असलेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाची लांबट, सडपातळ गोळीसुद्धा ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात पाचशे यार्डांपर्यंत फुटाहून थोडी जास्तच वाहत जाते. वारा दहाचा असताना माणसाने पाचचा धरला, की सहा-सात इंच गेले. आणि असा धरणं ही काही मूर्खाची चूक नव्हे. दोन डोंगरांच्या मधल्या दरीत वारा शिकाऱ्याच्या नाकाशी एक असतो, दरीच्या मध्यावर दुसरा, आणि एल्कच्या अंगणात तिसरा. हातात धरायचं वारामापक यंत्र मिळतं, पण ते मोजतं फक्त नाकापुढचा वारा.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो, आणि तो करणारा माणूस बहुधा इंजिनिअर असतो. तो म्हणतो, वारा माझ्या हातात नाही हे कबूल, पण नळी तर आहे. जेवढी चूक कमी करता येते तेवढी करावी, थेंबे थेंबे तळे साचे. युक्तिवाद सरळ आहे, पण चुकांची बेरीज सरळ होत नाही. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुका मिळवायच्या तर प्रत्येकीचा वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढावं लागतं. समजा, डोंगरात गुडघ्यावर बसून, पाठपिशवीवर रायफल टेकवून नेम धरणाऱ्या माणसाचा स्वतःचा हेलकावा दोन मिनिटांचा आहे. हा आकडा मी उदारपणे धरला आहे. रायफल एक मिनिटाची असेल तर एकूण चूक २.२४ मिनिटं. रायफल अर्ध्या मिनिटाची केली तर २.०६. निम्मी झाली रायफलची चूक, आणि एकूण चूक कमी झाली आठ टक्क्यांनी. यात वारा अजून धरलेलाच नाही. तो धरला की हे आठ टक्केही विरून जातात. वर्गमूळाचा स्वभावच असा की मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते. त्यात ती अर्ध्या मिनिटाची रायफल खरोखर अर्ध्या मिनिटाची असते का, हा वेगळाच मामला. शिकारी तीन गोळ्या झाडतो, तीन भोकं एकमेकांना चिकटली की लक्ष्याचा तो कागद कापून पाकिटात ठेवतो, आणि पुढची दहा वर्षं ती त्याची रायफल असते. पण तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, एक इंच भरत असेल, तर त्याच रायफलचा, त्याच काडतुसांचा दहा गोळ्यांचा सरासरी ग्रुप दीड इंचाच्या पुढे जातो. हा नळीचा दोष नव्हे, संख्याशास्त्राचा नियम आहे. पाकिटात मात्र दहा गोळ्यांचा कागद कुणाच्याच सापडत नाही.

माणूस आणि हत्यार यांच्या हिश्शांचा इतका चोख ताळेबंद इतिहासात क्वचित सापडतो, जितका २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या क्रीडमूर मैदानावर निघाला. आयर्लंडचा संघ जगज्जेता म्हणून मिरवत आला होता. डब्लिनच्या रिग्बीने बनवलेल्या, तोंडातून ठासायच्या रायफली घेऊन. समोर नवशिके अमेरिकन, हातात रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून भरायच्या रायफली. पल्ले आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. दुर्बिणी नाहीत, धूर न करणारी दारू नाही, आणि बंदूक बनवण्याची त्या काळची सगळी कारागिरी दोन्ही बाजूंना पणाला लागलेली. निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१. या तीन गुणांचं मूळ कशात होतं? मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी ऐन मध्यावर मारली, अगदी बिनचूक, फक्त ती शेजारच्या लक्ष्यावर. मध्याचे चार गुण असायचे; दुसऱ्याच्या लक्ष्यावरच्या मध्याचा एकही नाही. रिग्बीच्या नळीने आपलं काम चोख केलं होतं. दुसऱ्या बाजूला शेवटची गोळी झाडायची होती कर्नल बोडाइन यांना. अमेरिकन एका गुणाने मागे, आणि ऐन वेळी जिंजर बिअरची बाटली फुटून कर्नलसाहेबांचा हात कापलेला. त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला, आडवे झाले, आणि हजार यार्डांवरून मध्य गाठला. पुढे २००७ साली नेब्रास्काच्या हॉर्नाडी कंपनीने काढलेल्या काडतुसाला क्रीडमूर हे नाव लाभलं. त्या नावाचं काडतूस आज जो विकत घेतो, त्याला नाव मिळतं, काडतूस मिळतं. बोडाइन यांचं काळीज डब्यात येत नाही.

तरीही जाड नळीचं म्हणून काही आहेच. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे थोडी जाडी वाढवली की नळी भलतीच ताठ होते, गोळी सुटताना कमी थरथरते आणि तापायला वेळ लावते. बाकावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून वीस-वीस गोळ्या झाडणाऱ्याला यातलं सगळं उपयोगी आहे. शिकाऱ्याला त्यातलं किती? बारीक नळी तापली की तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून भोकं सरकायला लागतात, हे खरं. पण एल्क चौथ्या गोळीपर्यंत थांबत नाही. शिकारीची गोळी एकच, ती थंड नळीतली, आणि पहाटेच्या कोलोरॅडोत नळी थंड ठेवायला काही वेगळं करावं लागत नाही. उलट, वजन मात्र पहिल्या पावलापासून सोबत असतं. जाड नळी, तिच्यावर किलोभर वजनाची दुर्बीण, खाली दोन पायांची घोडी, असं करत करत रायफल बारा-तेरा पौंडांवर जाते. हे कुठवर जाऊ शकतं याची कल्पना आयडाहो राज्याच्या नियमावरून यावी: मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दुर्बिणीसकट सोळा पौंडांहून जड बंदूक तिथे चालत नाही. सोळा पौंड म्हणजे सव्वासात किलो. असा नियम उगाच सुचत नाही. कुणीतरी तेवढी बंदूक डोंगरात नेल्याशिवाय सरकार कागद हातात घेत नाही. नऊ-दहा हजार फुटांवर असलं धूड खांद्यावरून वाहून माणूस कड्यावर पोचतो तेव्हा छातीचा भाता झालेला असतो, आणि धापा टाकणाऱ्या माणसाचा हेलकावा दोन मिनिटांचा राहत नाही, पाचाचा होतो. ताठ नळी आणि थरथरता मालक, अशी ही जोडी जमते. गंमत म्हणजे ताठपणाचा दुसरा, फुकटातला मार्ग उघडा आहे. लांबी कमी केली की ताठपणा घनाने वाढतो. तीच जाडी ठेवून सव्वीस इंचांची नळी बावीसवर आणली तर ती दीडपटीहून अधिक ताठ होते आणि वजनही उतरतं. पण कापून कमी केलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार?

कापायचं म्हटलं की लांब नळीवाले हळहळतात. वेग जाईल म्हणतात. जातो, नाकारण्यात अर्थ नाही. साधारणपणे नळीच्या एका इंचामागे सेकंदाला वीस ते तीस फूट वेग कमी होतो. चोवीस इंचांऐवजी सव्वीस घेतली तर पन्नासेक फुटांची बेगमी. सत्तावीसशे फुटांच्या वेगात पन्नासची भर पडल्याने पाचशे यार्डांवर गोळी दोन-अडीच इंच कमी खाली येते. पण खाली येण्याची भीती आता उरलीय कुठे? लेझरचा अंतरमापक अंतर यार्डात सांगतो, फोनमधलं गणित दुर्बिणीची चकती किती घरं फिरवायची ते सांगतं. गुरुत्वाकर्षण तारीख-वार न बघता रोज तेवढंच असतं, त्याला गणिताने पकडता येतं. (दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपैकी हा अंतरमापक तेवढा पै न् पै वसूल करतो, कारण पाचशे यार्डांवर पंचवीस यार्डांची चूक म्हणजे सहा-सात इंच, त्याच्यावर मी एक शब्दही वाकडा बोलणार नाही.) वेगाने खरा फायदा व्हायला हवा तो वाऱ्यात, आणि तिथे त्या दोन इंच नळीची कमाई अर्ध्या इंचाच्या आत-बाहेर. तेवढ्यासाठी रायफल झुडपांत अडकवत हिंडायचं. आता तर लांब नळीवाल्यांचा मोर्चा आपल्या आपणच वळला आहे. सायलेन्सर बसवण्याची टूम निघाली, त्याने पुढे सात-आठ इंच लांबी वाढते, म्हणून तीच माणसं अठरा-वीस इंचांच्या नळ्या मागवू लागली. सव्वीसहून कमी म्हणजे गोळी अर्ध्यात बसेल असं काल सांगणारे आज वीसवर एल्क लोळवतात. कालचे आलेख काय झाले म्हणून कुणी विचारत नाही.

नळीतली एक गोष्ट मात्र खरोखर बघून घ्यायची असते, ती म्हणजे पीळ. गोळी लांब आणि जड असेल तर तिला हवेत सरळ ठेवायला जास्त वेगाने फिरवावं लागतं, आणि ते नळीच्या आतल्या खाचांच्या पिळावर ठरतं. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीसपैकी बाकी अठ्ठावीस गुण जुळले तरी एकनाड निघाली की भटजी मान हलवतात. नळी आणि गोळी यांच्यात पीळ ही तशी नाडी आहे. तो जुळला नाही तर गोळी कागदावर आडवी लागते, आणि मग नळी कुठल्या कारागिराची याला अर्थ राहत नाही. पण जुळवणं किती सोपं! ६.५ क्रीडमूरच्या बहुतेक रायफली आठ इंचांत एक फेरा घेणाऱ्या पिळानेच येतात. दुकानदाराने न विचारता. कंपन्यांनी यातूनही धंदा काढला तो वेगळा. १९२५ साली विंचेस्टरने .२७० आणलं, दहा इंचांच्या पिळाचं. जॅक ओकॉनर या लेखकाने 'आउटडोअर लाइफ' मासिकातून त्याचं आयुष्यभर गुणगान केलं, आयडाहोच्या एल्मर कीथने त्याला आयुष्यभर नावं ठेवली, आणि दोघांच्याही हातून एल्क सारख्याच इमानदारीने पडत राहिले. मग २०२१ मध्ये ६.८ वेस्टर्न आलं: गोळीचा व्यास तोच, पीळ घट्ट, नाव नवीन, रायफलही नवीन घ्यावी लागेल अशी. स्वीडनने तर १८९४ साली साडेसहा मिलिमीटरचं काडतूस सैन्याला दिलं होतं. त्याने स्कॅन्डिनेव्हियातले शिकारी शंभराहून अधिक वर्षं मूस पाडत आले आहेत. क्रीडमूर त्याच व्यासाची गोळी फेकतं. कॉर्बेट वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला तर यात नवल वाटू नये. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली ज्या .२७५ रिग्बीने पडला, ते मुळात जर्मनांचं सात मिलिमीटरचं जुनं माउझर काडतूस, आणि कॉर्बेटची गोळी ताकदीपेक्षा जागेवर लागण्यासाठी प्रसिद्ध.

ताकदीचा मोह फार वाईट. लांब पल्ला म्हणजे मॅग्नम, असं समीकरण ठरलेलं असल्यामुळे .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतली जाते. सारख्याच वजनाच्या रायफलीत तिचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या साधारण दुप्पट. दहा-बारा गोळ्यांनंतर खांदा आठवण ठेवतो, आणि मग घोडा दाबण्याच्या आधीच डोळे मिटतात. डोळे मिटून झाडलेल्या गोळीची चूक मिनिटांत मोजायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. इलाज म्हणून नळीच्या तोंडाला भोकांचं ब्रेक बसतं. धक्का बराच कमी होतो, आणि स्फोटाचा जो आवाज पुढे जात होता तो आता मागे आणि बाजूंना येतो. शेजारी दुर्बीण लावून बसलेला वाटाड्या त्या दिवशी गिऱ्हाइकाचे पैसे घेतो आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. म्हणून सायलेन्सर. त्याच्यावर १९३४ च्या कायद्याने दोनशे डॉलरचा कर बसवला होता, त्या काळी भलीमोठी रक्कम. तो आकडा नव्वद वर्षं जागचा हलला नाही आणि २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणीचे कागद मात्र अजून भरावे लागतात. आता क्रम बघा: ताकद हवी म्हणून मॅग्नम, धक्का नको म्हणून ब्रेक, आवाज नको म्हणून सायलेन्सर, लांबी नको म्हणून आखूड नळी, आणि आखूड नळीमुळे मॅग्नमची थोडी ताकद कमी. एवढा मोठा वळसा घेऊन माणूस मूळ जागेच्या जवळपास येतो, फक्त खिशाने हलका होऊन.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, आणि त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. जनावर जखमी होऊन तासन्‌तास फरफटत मरण्यापेक्षा शिकाऱ्याने होता होईल तेवढी अचूक रायफल बाळगावी, हे त्याचं कर्तव्यच आहे, असं म्हटलं जातं. अंतर तेच राहणार असतं तर मी हे बिनतक्रार मान्य केलं असतं. अडचण अशी की अचूकता वाढली की अंतर तेच राहत नाही. एक मिनिटाची रायफल असलेला माणूस तीनशे यार्डांवर हात आवरतो. अर्ध्या मिनिटाची आली की त्याला तीनशे यार्ड पोरखेळ वाटतात, तो सहाशेवर जातो, आणि नळीने दिलेला सगळा फायदा अंतराला अर्पण करून वर वाऱ्याची चूक अंगावर घेतो. कारण वाऱ्याने गोळी वाहण्याचं प्रमाण अंतराच्या दुपटीला दुप्पट न राहता चौपटीकडे जातं. शिवाय जनावर लक्ष्याच्या कागदासारखं उभं नसतं. पाचशे यार्ड कापायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारा एल्क सहज एक पाऊल पुढे टाकतो, आणि फुफ्फुसांवर धरलेला नेम पोटात जातो. जगातली कुठलीही नळी हे पाऊल थांबवू शकत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या या प्रकाराबद्दल जाहीर नापसंती नोंदवलीय ती साधारण याच अंगाने: जनावराला धोक्याची चाहूल लागण्याची संधीच काढून घेतली, तर त्याला शिकार का म्हणावं? कर्तव्याची एवढीच चाड असेल तर शंभर यार्ड पुढे रांगत जाण्याचा मार्ग उपलब्ध आहे. त्याला गुडघ्याला बांधायच्या दोन चिंध्या लागतात, आणि वर्गमूळ न काढता चूक कमी होते.

नॉर्वेच्या सरकारला हे बरंच आधी उमगलेलं दिसतं. तिथे मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: शंभर मीटरवर रेनडिअरच्या चित्रातल्या तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचच्या पाच गोळ्या, आणि त्याआधी तीस गोळ्यांचा सराव. तीस सेंटिमीटर म्हणजे दहा मिनिटांचं वर्तुळ, ज्याच्यापुढे कुठलीही दुकानी रायफल निर्दोष ठरते. तरी परीक्षा आहे, कारण ती रायफलची नाहीच. अमेरिकेतल्या राज्यांत शिकार-शिक्षणाचा वर्ग सक्तीचा असतो, पण दरवर्षी नेम दाखवून देण्याची सक्ती सहसा कुठे नाही. तो शिकारी आपली परीक्षा आपणच घेतो, ती बाकावर बसून, आणि पहिल्या वर्गात पास होतो. इथे कुणीतरी स्वप्निल कुसळेचं नाव घेईल, आणि घ्यावंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला नेमबाज २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने. आणि लक्ष्याचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. त्याच्या हातातली रायफल काही पाचशे डॉलरची नव्हती, मग उत्तम नळीला नावं का ठेवायची? तर ज्या वर्गमूळाने शिकाऱ्याला आठ टक्के दिले, तेच इथे दुसरा हिशेब दाखवतं. माणसाचा हेलकावा वर्षानुवर्षांच्या सरावाने अर्ध्या मिनिटावर आला, की मग एक मिनिटाची नळी मोठी चूक ठरते आणि अर्ध्या मिनिटाची खरेदी सार्थकी लागते. उत्तम नळी ही अशा माणसाची शेवटची गरज असते. पाचशे यार्डवाला ती पहिली म्हणून घेतो, आणि उभ्याने एकही गोळी न झाडता घेतो.

सराव का करत नाही, याचं एक कारण तर ऐकण्यासारखं आहे: नळी झिजेल म्हणून. हेही खोटं नाही. .३०८ ची नळी पाच हजार गोळ्या आरामात काढते, ६.५ क्रीडमूरची दोन-तीन हजार, आणि जास्त दारूची तापट काडतुसं त्याहून बरीच आधी घसा जाळून घेतात. तेव्हा महाग नळी जपून वापरायची, हंगामाआधी पाच गोळ्या झाडून दुर्बीण तपासायची, आणि पुसून कपाटात ठेवायची. नळी शाबूत, मालक कच्चा. याच पैशांत साधी रायफल आणि दोन-तीन डॉलरला एक याप्रमाणे हजारभर काडतुसं घेता आली असती, आणि त्या हजारांत वारा बराचसा कळायला लागला असता. शेवटी उरतो हौसेचा मुद्दा, ज्यापुढे माझा नाइलाज आहे. सुबक घडवलेली नळी हातात धरायला छान वाटते, संध्याकाळी तिचे आकडे बोलायला बरे वाटतात, आणि हौसेला मोल नसतं. हौस म्हणून घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. तो गरज म्हणून सांगतो, तिथे मी कान टवकारतो. ज्याला खरंच डोंगरात जायचं आहे त्याने बावीस-चोवीस इंचांची, मध्यम जाडीची पोलादी नळी, कमी धक्क्याचं काडतूस आणि दुर्बिणीसकट आठ-साडेआठ पौंडांची रायफल घ्यावी. आणि त्यातही एक हंगाम थांबायची तयारी असेल तर जुन्या मालाच्या बाजारात चक्कर मारावी. कार्बनची नळी, भारी दुर्बीण, 'फक्त चाळीस गोळ्या झाडलेली, कपाटातच ठेवलेली' अशा जाहिराती तिथे दर जानेवारीत येतात आणि किमती बऱ्याच खाली आलेल्या असतात. नवीन नळीमागे धावणाऱ्यांना परावृत्त करण्याचा या लेखाचा हेतू आहे असं कुणी समजू नये. ते थांबले तर हा माल येणार कुठून?